एक जानेवारीचा पूर

आई,

तुझी नात आता आठवीत आहे. तू गेलीस तेव्हा ती भिंतीला धरून उभी राहायला शिकत होती. हल्ली तिच्या वर्गातल्या मुलींना मोबाइलचे फोटो आवडत नाहीत, त्यांना आमच्या वेळचे छोटे डिजिटल कॅमेरे हवे असतात. जरा धूसर आणि जरा भडक रंगांचे फोटो आले की त्या खूश. गेल्या महिन्यात तिने कपाटातून तिच्याच बारशासाठी घेतलेला कॅमेरा शोधून काढला. बॅटरी मी काढून वेगळी ठेवली होती, तुझीच सवय. तिने ती चार्ज करून घातली, कॅमेरा सुरू केला आणि पडद्यावर एक जानेवारी ही तारीख लुकलुकायला लागली. तारीख आणि वेळ लावा, असं तो सांगत होता. तिने शेजारचं बटण दाबून ते पुसून टाकलं आणि ओट्यावर बसलेल्या मांजराकडे कॅमेरा रोखला. मी भाकरी थापत होते. पिठाच्याच हाताने मी तो तिच्या हातातून ओढून घेतला. "आधी तारीख लाव!" असं इतक्या मोठ्याने ओरडले, की शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. "आई, अगं मांजराचा फोटो काढतेय मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. एवढं काय झालं ते मला तिला सांगता येईना. तिच्याआधी ते तुला सांगायला हवं, म्हणून आज शाळेला सुट्टी आहे तर वही घेऊन बसले आहे.

तुझ्या तलाठी ऑफिसचा कॅमेरा तुला आठवत असेल. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, चंदेरी रंगाचा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. वर्षातले दहा महिने तो सातबाऱ्याच्या जुन्या वह्यांमागे एका हातरुमालात गुंडाळलेला असायचा. सेल आत राहिले की गळतात आणि यंत्र खातात, हे तुला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून प्रत्येक वेळी काम झालं की तू सेल काढून वेगळ्या डबीत ठेवायचीस. आपल्या रोह्यातल्या स्टुडिओवाल्याने मला त्यातली गोम सांगितली होती. कॅमेऱ्याच्या पोटात घड्याळासाठी एक इवलीशी बॅटरी असते आणि ती मोठ्या सेलवर आपलं पोट भरत असते. सेल काढून ठेवले की काही दिवस ती एकटी तग धरते, मग तीही विझते. त्यामुळे तू जितकी काळजी घ्यायचीस तितका तुझा कॅमेरा वेळ विसरायचा. दर वेळी बाहेर काढला की तो कारखान्यातून निघालेल्या सालात परत गेलेला असायचा. ती बारीक बटणं तुला दिसायची नाहीत. मग तू मला हाक मारायचीस, "तारीख लाव गो जरा." मी बाण दाबत दाबत साल पुढे न्यायचे, मग महिना, मग दिवस. त्या कामात मला थोडी ऐटही वाटायची.

त्या पावसाळ्यात कुंडलिकेचं पाणी नदीकाठच्या वाडीत शिरलं. बावीस घरं होती, कुडाची, वर पेंढा नाहीतर पत्रा. माणसं वेळेवर टेकाडावर गेली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर तुला पंचनाम्याला जायचं होतं आणि कोतवाल स्वतःच्याच घरातला गाळ उपसत होता, म्हणून तू मला बरोबर घेतलंस. मी अठरा वर्षांची होते आणि मला यायचं नव्हतं. अष्टमी गावाहून पूल ओलांडून गेलो तेव्हा पुलाच्या कठड्यात गवत आणि कपडे अडकलेले होते. वाडीत पोटरीएवढा चिखल होता. एक मेलेली शेळी फुगून पडली होती, तिचा वास नाकात बसला. पाऊस थांबून थांबून येत होता. मी एका हाताने छत्री धरलेली, तू माझ्या हातात कॅमेरा आणि सेलची डबी देतेस. मी सेल घालते. एक जानेवारी लुकलुकते. आता बाण दाबत साल पुढे न्यायचं, महिना, दिवस, तास, मिनिटं. माझी चप्पल चिखलात रुतून बसली आहे, पाठीवर पाणी उतरतंय, आणि मला फक्त घरी जायचंय. मी रद्दचं बटण दाबते. घरी गेल्यावर करू, असा विचार मनात येतो. तू कागदाच्या पुठ्ठ्यावर प्लास्टिक ओढत विचारतेस, "तारीख लावलीस ना?"

मी हो म्हणाले.

एवढंच केलं मी. तू घरोघरी माप घेत होतीस, पंचांना विचारत होतीस, आणि मी फोटो काढत होते. पडलेली भिंत, वाहून आलेलं झाड, चुलीत साचलेला गाळ. शेवटच्या घरापाशी काहीच नव्हतं. छपराच्या चार मेढींपैकी एक उभी होती आणि तिच्यापाशी एक बाई. माझ्याहून फार मोठी नसेल. कडेवर मूल, मागे तिचा म्हातारा सासरा उकिडवा बसलेला. नवरा टेकाडावर लाकडं आणायला गेला होता. "इथं माझा घर व्हता," ती म्हणाली आणि पायाने चिखलात एक चौकोन काढला. तू मला म्हणालीस, "हिला त्या चौकोनात उभी कर आणि काढ." मी काढला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, मेढीकडे बघत होती.

घरी आल्यावर मी अंघोळ करून झोपले. तू त्याच संध्याकाळी कार्ड काढून छापायला दिलंस आणि सकाळी फाइल तालुक्याला गेलीसुद्धा.

गणपती झाले आणि फाइल परत आली. प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत एक जानेवारी छापलं होतं, पाच-सहा वर्षांपूर्वीचं साल. वाडीला वरच्या माळावर पक्की घरं द्यायची यादी त्या पंचनाम्यावरून व्हायची होती. कुणीतरी शेरा मारला होता, की फोटो जुने असून पूरग्रस्त म्हणून दाखवले आहेत. तुला नोटीस आली. सतरा वर्षांच्या नोकरीत पहिली. बाबा सेकंड शिफ्टला गेलेले, तू स्वयंपाकघरात पाटावर बसून भिजलेले वाल सोलत होतीस. मी समोर बसले आणि चार वाल हातात घेतले. तू वर न बघता विचारलंस, "त्या दिवशी लावली होतीस ना गो तारीख?" आई, त्या क्षणी मला सांगता आलं असतं. तू रागावली असतीस, दोन दिवस बोलली नसतीस, मग झालं असतं. मी म्हणाले, "लावली होती. कॅमेराच बिघडला असेल." तुझी बोटं थांबली. तू माझ्याकडे पाहिलंस. "असेल," म्हणालीस आणि पुन्हा सोलायला लागलीस.

माझं अक्षर चांगलं म्हणून नोटिशीचं उत्तर तू मलाच लिहायला बसवलंस. मला वाटलं तू दोष कॅमेऱ्यावर घालशील. मीच तुला तो रस्ता दाखवला होता. तू सांगत गेलीस आणि मी लिहीत गेले: पंचनामा प्रत्यक्ष जागेवर केला आहे, पंच हजर होते, छायाचित्रांवरील दिनांक तपासून पाहण्याची जबाबदारी माझी होती व ती मी पार पाडली नाही. मी पेन उचलून म्हणाले, "असं कशाला लिहायचं? यंत्राचा दोष आहे म्हण." तू म्हणालीस, "यंत्राला कोण नोटीस देणार? लिही." मी लिहिलं. त्या ओळीखाली तुझी सही आहे आणि ती ओळ माझ्या अक्षरात आहे.

तू पंचनामे पुन्हा केलेस. पण तोवर लोकांनी बांबू, प्लास्टिक, जुने पत्रे घेऊन घरं परत उभी केली होती. माणसं काय, आपलं पडलेलं घर फोटोसाठी तसंच ठेवतात का? तू प्रत्येकाला नव्याने विचारलंस, नव्याने सह्या आणि अंगठे घेतलेस. एकवीस घरं झाली. बाविसाव्याच्या जागी तो चौकोनही उरला नव्हता, गवत वाढलं होतं. शेजारणीने सांगितलं, "ती गेली वीटभट्टीवर. राहणार कुठं? मुकादम आला नि घेऊन गेला. तिकडं, वडखळच्या अंगाला." बाकीचे दिवाळीनंतर जाणार होते. तिच्याकडे थांबायला काही नव्हतं.

एकवीस जणांची यादी पुढे पाठव, बाईचं मागाहून बघू, असं तुला वरून सांगितलं होतं. तू यादी पाठवलीस आणि रविवारी सकाळी मला उठवून म्हणालीस, "चल, वडखळला जायचंय." का नेलंस मला, हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. वाचायला, लिहायला सोबत म्हणून? की तुला माहीत होतं? एसटीत तू खिडकीकडे बसलीस आणि नागोठण्यापर्यंत बाहेरच बघत राहिलीस. वडखळला उतरून आपण हमरस्त्याच्या कडेने चाललो. पहिल्या भट्टीवर ती नव्हती. दुसऱ्या भट्टीवरच्या माणसाने आपल्याला उभंही केलं नाही. तुझ्या टाचेला चप्पल लागली होती, तू रुमाल फाडून बांधलास. तिसऱ्या भट्टीवर ती सापडली. कोपरापर्यंत माती, समोर ओल्या विटांची रांग. मूल सावलीत फडक्यावर झोपलेलं.

तिने तुला पाहिलं आणि साचा हातातून ठेवला. "तलाठीण बाय? तू इकडं कशी?"

"तुझा अंगठा पायजे. घराच्या कागदावर."

"तवा फोटू काढलास ना?"

"ते फोटो चालले नाहीत."

"का नाय चालले? घर पडला ता दिसत नाय?"

"दिसतंय," तू म्हणालीस. "पण त्यावर तारीख जुनी छापली गेली. पाच-सहा वर्षांमागची. ती बघायची माझ्याकडून राहिली."

ती हसली. खरंच हसली, आई. "तवा तर माझा लगीन पण नव्हता झाला."

तू हसली नाहीस. मी बाजूला कागदांची पिशवी धरून उभी होते. माझ्याकडून राहिली, हे तू माझ्यासमोर म्हणालीस, आणि मला वाटलं आता तू माझ्याकडे बघशील. तू पाहिलं नाहीस. तिच्या सासऱ्याने झोपडीतून जर्मन धातूच्या लोट्यात पाणी आणलं, गढूळसर होतं. मी नको म्हणून मान हलवली. "पी," तू म्हणालीस. आयुष्यात तू मला इतक्या हळू आवाजात कधी रागावली नव्हतीस. मी प्यायले. मुकादम येऊन उभा राहिला, कामाचा खोळंबा होतोय म्हणाला. तू त्याला म्हणालीस, "सरकारी काम आहे, दहा मिनिटं लागतील, तुम्ही पंच म्हणून सही करा." त्याने केली. तिचा अंगठा मातीने इतका भरला होता, की शाई लागेना. तू तुझ्या पदराने तो पुसलास, मग शाईच्या पॅडवर टेकवलास.

तिचं नाव पुरवणी यादीत गेलं. एकवीस घरं माळावर एकदम बांधून झाली, तिचं राहिलं. मध्ये दोन पावसाळे गेले. ती नदीकाठीच प्लास्टिकखाली राहिली. पहिल्याच पावसाळ्यात तिचा सासरा तापाने गेला. पक्कं घर असतं तर तो वाचला असता की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. म्हातारा होता, आधीपासून खोकत होता. तुला कळलं तशी तू गेलीस. मला म्हणालीस नाहीस चल म्हणून. परत आलीस तेव्हा पाय धुऊन बराच वेळ मोरीपाशीच उभी होतीस. मी विचारलं, चहा करू का? तू म्हणालीस, "कर." आपण चहा प्यायलो. पलीकडे बाबांचा रेडिओ चालू होता.

त्यानंतर तू रोह्याच्या बाजारातून जवळचा चष्मा करून आणलास. पुढच्या वर्षी कॅमेरा रुमालातून निघाला, तेव्हा मी सवयीने हात पुढे केला. तू म्हणालीस, "राहू दे, लावते मी." चष्मा नाकावर ओढून, डोळे बारीक करून तू एकेक बाण दाबत होतीस. साल चुकून पुढे गेलं की पुन्हा सगळं फिरवून यायचीस. मी शेजारी उभी. निवृत्त होईपर्यंत तू मला परत कधीही ते काम सांगितलं नाहीस. नोटिशीचा शेरा तुझ्या सेवापुस्तकात राहिला आणि मंडळ अधिकारी व्हायचं तुझं लांबलं, मग राहूनच गेलं. त्याबद्दलही तू कधी बोलली नाहीस. तुला कळलं होतं का, आई? की नुसता माझ्यावरचा विश्वास गेला होता? ही दोन्ही एकच आहेत का, तेही मला समजत नाही.

तुझ्या आजारपणात तुला आम्ही इथे पेणला आणलं. शेवटचे पंधरा दिवस मी तुझ्या उशाशी होते. तुझे केस विंचरले, तुला पेज भरवली. रोज ठरवायचे, आज सांगायचं. मग तू डोळे मिटायचीस आणि मला वाटायचं, कशाला आता त्रास. पण तो विचार तुझ्यासाठी नव्हता, माझ्यासाठीच होता. एका सकाळी तू चांगली शुद्धीवर होतीस. वालाच्या बिरड्याची आठवण काढलीस, रोह्याचे वाल आण म्हणालीस. मी आणले. भिजत घातले. मोड यायच्या आधी तू गेलीस.

मांजराच्या फोटोवरून झालेल्या त्या प्रकारानंतर मला चैन पडेना. गेल्या रविवारी सकाळच्या गाडीने मी रोह्याला गेले. निडी स्टेशन गेलं तेव्हा उतरून उलटी गाडी पकडावी असं वाटलं होतं. माळावरची वाडी आता मोठी झाली आहे, मोटारसायकली आहेत, नळ आहेत. तिचं घर शेवटच्या ओळीत, वेगळ्या रंगाचं. ती अंगणात नातवाला न्हाऊ घालत होती. वयाच्या आधीच केस पांढरे झालेत, एका डोळ्याला कमी दिसतं. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला आत नेलं, खाली गोणपाट घातलं. तुझं विचारलं. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा ती माझ्यासमोर खाली बसली.

मग म्हणाली, "तुझी आय माझ्या सासऱ्याच्या मयताला आली व्हती. तलाठी कुणाच्या मयताला येतो काय? ती आली. हितं नाय, खालती, नदीवर. माझ्यापाशी बसली नि मला म्हणली, मला माफ कर गो. मी म्हणली, तू काय केलास बाय? ती काय बोलली नाय. नुसती रडत व्हती."

हे मला माहीत नव्हतं, आई. तू रडल्याचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी मोरीपाशी तू पाय धुऊन उभी होतीस आणि मी तुला चहाचं विचारत होते.

मी ज्यासाठी गेले होते ते बोलायची हीच वेळ होती. घरात आम्ही दोघीच होतो, नातू बाहेर उन्हात खेळत होता. वाटेत गाडीत मी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मावशी, माझ्या आईने काही केलं नव्हतं. त्या फोटोंची तारीख चुकली होती."

"मशीन ता," ती म्हणाली. "मशीनचा काय धरायचा?" आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठली.

मी तिला थांबवलं नाही. चहा प्यायले, नातवाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि दुपारच्या गाडीने पेणला परत आले. हे पत्र कुठे टाकायचं तेही मला माहीत नाही, ते या वहीतच राहणार. पण निदान इथे तरी खरं लिहिते. तिच्यासमोर मी तारीख चुकली म्हणाले, आई. मी चुकवली, असं म्हणायला गेले होते.